वाद्य शिकण्याचे वय : घाई नेमकी कोणाला?

जून उजाडला की दप्तरे आणि गणवेशांच्या जोडीने छंदवर्गांच्या जाहिराती येतात. ‘तिसऱ्या वर्षापासून की-बोर्ड’, ‘तबल्यातून एकाग्रता’, ‘संगीताने मेंदूचा विकास’ अशी आश्वासने त्यांत असतात. महाराष्ट्रात शास्त्रीय कलांच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना दहावीत अतिरिक्त गुण मिळतात. त्यामुळे ‘लवकर सुरू केले तर दहावीपर्यंत परीक्षा होतील’ असा हिशेबही घराघरांत मांडला जातो. मुलाला वाद्य शिकवावे ही इच्छा चांगलीच आहे. प्रश्न आहे तो वयाचा, पद्धतीचा आणि अपेक्षांचा.

‘संगीताने बुद्धी वाढते’ या समजुतीचा उगम १९९३ मधील एका छोट्या प्रयोगात आहे. ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्टचे संगीत ऐकवले गेले. आकृत्यांच्या चाचणीत त्यांचे गुण थोडे वाढले, पण तो परिणाम पंधरा मिनिटांतच ओसरला. त्या प्रयोगात लहान मुले नव्हती आणि कोणी वाद्य शिकतही नव्हते. तरीही त्यातून ‘मोझार्ट इफेक्ट’चा बाजार उभा राहिला. १९९८ मध्ये तर अमेरिकेतील जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी नवजात बाळांना संगीताच्या सीडी देण्यासाठी सरकारी निधी मागितला.

प्रत्यक्ष शिक्षणाचा परिणाम यापेक्षा वेगळा तपासला गेला. टोरांटोतील ग्लेन शेलेनबर्ग यांनी २००४ मध्ये सहा वर्षांच्या १४४ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलांना वर्षभर की-बोर्ड किंवा गायन शिकवले, काहींना नाट्य, तर काहींना काहीच नाही. बुद्ध्यांक सर्वांचाच वाढला. संगीत शिकणाऱ्यांचा सरासरी सातने आणि इतरांचा सुमारे सव्वाचारने. म्हणजे फरक जेमतेम तीन गुणांचा. सामाजिक वागणुकीत मात्र नाट्य शिकणारी मुले पुढे गेली. नंतरच्या, अधिक काटेकोर तुलनांमध्ये बुद्धीवरील हा लाभ आणखी आकसला. तेव्हा गणितात गुण वाढावेत म्हणून तबल्याचा वर्ग लावणे हा फसवा व्यवहार आहे. संगीत शिकावे ते संगीतासाठी.

मग लवकर सुरुवातीला काहीच अर्थ नाही का? आहे, पण मर्यादित. सातव्या वर्षाआधी सुरुवात केलेल्या वादकांमध्ये मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणारा तंतुपट्टा काही भागांत अधिक विकसित आढळतो. एकूण शिक्षणाची वर्षे सारखी ठेवून केलेल्या तुलनेतही लवकर सुरुवात करणाऱ्यांची तालाशी जुळवून घेण्याची क्षमता सरस दिसली. कोणताही आधार न घेता ‘हा अमुक स्वर’ असे ओळखण्याची दुर्मीळ क्षमताही बहुधा याच वयात घडते. परंतु आपल्या संगीतात षड्ज प्रत्येकाच्या सोयीने बदलतो. महत्त्व असते ते स्वरांमधील नात्याला. आणि ही जाण मोठेपणीही कमावता येते. उस्ताद झाकीर हुसेन यांना लहानपणीच वडिलांकडून तबला मिळाला हे खरे. पण पंडित हरिप्रसाद चौरसिया बासरीकडे वळले ते किशोरवयात.

शरीराची तयारी हा दुर्लक्षित मुद्दा आहे. मनगटात आठ लहान हाडे असतात. पाचव्या वर्षी ती सगळी तयारही झालेली नसतात. शेवटचे हाड नऊ ते बारा वर्षांच्या सुमारास तयार होते. बोटांच्या सुट्या, नेमक्या हालचाली सहाव्या-सातव्या वर्षानंतर स्थिरावतात. म्हणून सर्वसाधारण मुलासाठी ढोबळ क्रम असा धरता येईल : पाचपर्यंत गाणी, टाळ्या, झांजा, खुळखुळे, लेझीम यांतून खेळ, सहा-सातपासून की-बोर्ड, हार्मोनियम किंवा हाताच्या मापाचा तबला, आणि बासरीसारखी फुंकून वाजवायची वाद्ये समोरचे कायमचे दात आल्यावर, साधारण आठ-नऊपासून. व्हायोलिन आणि गिटार लहान मापांतही मिळतात. मोठ्या वाद्यावर ‘पुढे उपयोगी पडेल’ म्हणून ताणून बसवलेले मूल मान, खांदे आणि मनगट दुखवून घेते.

त्याहून महत्त्वाचे आहेत कान. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांमध्ये कानाच्या पडद्यामागे द्रव साचून ऐकू कमी येऊ शकते. ‘याला सूरच नाही’ असा शिक्का मारण्याआधी श्रवणचाचणी करून घ्यावी. दुसरा धोका मोठ्या आवाजाचा. ढोल-ताशा पथकाच्या मध्यभागी आवाज १०० डेसिबलपेक्षा सहज वर जातो. प्रौढ कामगारांसाठीच्या प्रचलित अमेरिकी निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो, तर १०० डेसिबलचा केवळ पंधरा मिनिटे. गणेशोत्सवाआधीचा सराव तासन्‌तास चालतो. अशा सरावात लहान मुलांना उतरवू नये, आणि मोठ्या मुलांना कानसंरक्षक साधनांशिवाय तर नाहीच. आवाजाने आतील कानाच्या ज्या पेशी मरतात, त्या पुन्हा उगवत नाहीत.

पद्धतीबाबत जपानचे शिनिची सुझुकी यांचा विचार अजूनही उपयोगी आहे. मूल मातृभाषा ऐकून, बोलून शिकते. अक्षरे नंतर येतात. संगीताचेही तसेच. आधी ऐकणे, मग वाजवणे, वाचन त्यानंतर. सुरुवातीला रोजची दहा-पंधरा मिनिटे रविवारच्या दोन तासांपेक्षा जास्त फळ देतात. पालक जवळ बसले तर उत्तम. मात्र शिक्षकाच्या आधी चुका काढायला बसू नये. प्राथमिक शाळेतील मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. शाळा, शिकवणी आणि वर्ग यांत ती झोप किंवा मैदानावरचा खेळ जात असेल, तर वर्ग पुढे ढकलावा.

शिक्षक निवडताना परीक्षांच्या निकालापेक्षा एक गोष्ट पाहावी : दोन-तीन वर्षांपूर्वी आलेली किती मुले अजून टिकून आहेत? भीतीने सोडलेले वाद्य पुन्हा हाती घेणारे थोडेच.

महागडे वर्ग परवडत नाहीत त्या घरांनीही हळहळण्याचे कारण नाही. अंगणवाडीतील बडबडगीते, घरातील आरती, गावच्या भजनातला टाळ यांतून ताल आणि सूर कानात मुरतात. खरी उणीव आहे ती अनेक शाळांत संगीत शिक्षक नसण्याची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कलाशिक्षणाला मुख्य अभ्यासक्रमात स्थान देण्याचा विचार आहे. तो कागदावरून वर्गात आला, तर तिसऱ्या वर्षी की-बोर्ड घेण्याची घाईही आपोआप कमी होईल.