मशीन घरात आलं, पाना कुणाच्या हातात?

ग्रामीण बाईच्या स्वावलंबनाची चर्चा सुरू झाली की गाडी हमखास शिलाई मशीनपाशी येऊन थांबते. सरकारी योजना असो, बचत गटाचं कर्ज असो की एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस. मशीन वाटलं, फोटो निघाला, काम झालं. ते बंद पडलं तर काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग मशीन कोपऱ्यात जातं आणि त्यावर गोधड्यांची चळत रचली जाते.

आमचं म्हणणं असं, की गावातल्या घरात छोटं वर्कशॉप जरूर उभं राहावं आणि ते जुन्या यंत्रांवरच उभं राहावं. पण जिला मशीन उघडता येत नाही, तिचं स्वावलंबन पहिला पट्टा तुटेपर्यंतच टिकतं.

जुनं यंत्र का? बिडाचं पायमशीन विजेवर अवलंबून नसतं. त्याचा प्रत्येक भाग स्क्रूने बसवलेला, डोळ्यांना दिसणारा. टाके सुटत असतील तर सुई बोथट झालेली असते किंवा उलटी बसलेली. पायडल हलतं पण चाक फिरत नाही, तर पट्टा सैल झालेला. थोडा कापून पुन्हा जोडला की झालं. मशीन जड चालत असेल तर शटलभोवती दोरा गुंतलेला किंवा आतलं तेल वाळून चिकट झालेलं. हे शिकायला काही महिने लागत नाहीत. याच ओळीत भंगारवाल्याकडून आणलेला शेगडा, हातड्रिल, कानस, हॅकसॉ मांडा. खुरपी, विळे, सायकल, फवारणीचा पंप, सगळं दुरुस्त करता येतं. गावातला पैसा गावात राहतो.

मग अडतं कुठे? शिकवणाऱ्यांच्या डोक्यात. आयटीआयमध्ये मुलींना शिवणकाम आणि मुलांना फिटर-टर्नर, ही वाटणी कोणत्याही कायद्याने केलेली नाही, तरी ती चालत आली. यंत्र चालवणारी ती आणि उघडणारा तो! गांधीजी यंत्रांच्या मोहाचे टीकाकार, पण १९२४ साली त्यांनी शिलाई यंत्राला त्यातून वगळलं. सिंगरने बायकोचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमापोटी ते बनवलं, असं त्यांचं म्हणणं. इतिहास वेगळं सांगतो. सिंगरने १८५१ साली पेटंट घेतलं ते धंद्यासाठी. बाईसाठी यंत्र कुणी प्रेमाने करून द्यावं आणि तिने ते कृतज्ञतेने चालवावं, ही गोष्ट आपल्याला फार आवडते. तिनेच ते खोलावं, ही गोष्ट आवडत नाही.

खरं तर छिन्नी-हातोडा बाईला नवा नाही. जात्याला, पाट्या-वरवंट्याला टाकी लावत दारोदार फिरणाऱ्या बायका आपण पाहिल्यात. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात १९९० नंतरच्या काळात महिला समाख्याच्या कामातून अनेक निरक्षर बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलीही वेल्डिंग शिकल्या. तेव्हा ‘बाईला जमत नाही’ हे आता पुरे. पट्ट्यावर, फिरत्या चाकावर काम करताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, केस बांधा. यंत्राला मर्यादा कळत नाही.

दुसरा प्रश्न मालकीचा. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १४ प्रमाणे हिंदू स्त्रीने स्वतःच्या कौशल्याने, कष्टाने मिळवलेली मालमत्ता पूर्णपणे तिचीच असते. पण जुन्या मशीनची पावती कोण ठेवतं? भांडण झालं की ‘मशीन माझं’ म्हणायला दोघं उभे राहतात. म्हणून जुनं यंत्र घेताना विकणाऱ्याकडून तिच्या नावाने लिहून घ्या. तारीख, किंमत, यंत्राचा नंबर, दोन साक्षीदारांच्या सह्या.

आणि तिसरा, दामाचा. घरात यंत्र आहे म्हणून व्यापारी नगावर काम देतो. सुई, तेल, पट्टा, दिव्याचं बिल सगळं तिचं. घरखेप कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली करार क्रमांक १७७ केला. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. तोवर हिशोब आपणच मांडायला हवा. नगाचा दर ठरवताना झीज आणि दुरुस्ती त्यात धरायची, आणि एकटीने नाही, गटाने ठरवायचा. वर्कशॉप घरात आहे म्हणून चूल, पाणी, म्हातारी माणसं सांभाळून ‘मधल्या वेळात’ काम करायचं, हेही मान्य करू नका. कामाचे तास ठरवा. त्या तासांत चहा दुसऱ्या कुणीतरी करावा.

मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीत दुसऱ्या मशीनसाठी कर्ज मागण्याआधी एक ठराव करा. आहे ते मशीन आधी सगळ्याजणी मिळून खोलू, पुसू, तेल घालू आणि परत जोडू. पान्यांची एक पेटी गटाच्या पैशातून घेऊ. मशीन वाटणारे पुष्कळ भेटतील. पाना मात्र आपणच उचलायचा आहे.