काढायचं किती, ठेवायचं किती

गायनेकोमास्टिया हा शब्द आमच्या घरात आणला तो चिरंजीवांनीच. बारावीत आहे. पोहणं केव्हाच बंद केलेलं, भर मे महिन्यात घट्ट बनियनवर दोन-दोन टी-शर्ट, आणि पोक काढून चालतो म्हणून त्याचे बाबा येताजाता ‘ताठ चाल’ असं सुनावत असायचे. एका रात्री त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. ‘‘आई, मला हे आहे. आणि मला ऑपरेशन करायचंय.’’ माझं वाचून होईपर्यंत चिरंजीव फ्रिजचं दार उघडून आत काहीतरी शोधत उभे होते. आत कालचं वरण आणि कोथिंबीर.

(हा लेख त्याने वाचलाय. नाव आणि कॉलेज येणार नाही या अटीवर परवानगी मिळाली. वर माझं शास्त्रही दोन ठिकाणी सुधारून मिळालं.)

वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलांच्या छातीत थोडीफार स्तनग्रंथी वाढते. संप्रेरकांचा तोल तात्पुरता ढळतो, एवढंच. बहुतेकांचं ते सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. उरलेल्यांचं ओसरत नाही आणि मग ती ग्रंथी निबर होते. नुसती चरबी असेल तर गोष्ट वेगळी, ती वजनाबरोबर कमी होऊ शकते. ग्रंथी मात्र कितीही जोर-बैठका काढल्या तरी हलत नाही. ‘जिमला जा, सगळं जाईल’ हा सल्ला त्याला नातेवाइकांपासून पीटीच्या सरांपर्यंत सगळ्यांनी फुकट दिला होता.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी आधी सर्जनचं नावच काढू दिलं नाही, हे फार बरं झालं. त्यांनी एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे धाडलं. तिथल्या बाईंनी मला शांतपणे बाहेर बसवलं. जिममध्ये कुणी पावडर, गोळी, इंजेक्शन दिलंय का, हे आईसमोर कोणता मुलगा सांगणार? अंडकोषांची तपासणीही त्याच वेळी झाली, कारण क्वचित तिथली गाठ या दुखण्याच्या मुळाशी असते. थायरॉइड, यकृत, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन अशा रक्ताच्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. पण सुरुवात होऊन तीन वर्षं उलटून गेलेली, तेव्हा आता औषधाने काही होणार नाही, असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

मग सर्जनचा शोध. पहिली पायरी मोबाइलवरची, आणि तिथे नुसता बाजार भरलेला. एका चकचकीत ठिकाणी गेलो तर डॉक्टरांच्या आधी टाय लावलेला काउन्सेलर भेटला. आज बुकिंग केलंत तर सूट, हप्त्यांची सोय, संध्याकाळी घरी. ‘‘सगळं काढून टाकू, एकदम फ्लॅट!’’ असं तो माझ्या पोराला म्हणाला. आपल्याकडे 2002 च्या वैद्यकीय आचारनियमांत रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरातबाजी करणं अनैतिक ठरवलंय. ते नियम कोणत्या कपाटात असतात कोण जाणे.

त्यानंतर मी पाट्या वाचायला शिकले. ‘कॉस्मेटिक सर्जन’ असं लिहिणारा प्रत्येक जण प्लास्टिक सर्जन असतोच असं नाही. नावापुढे प्लास्टिक सर्जरीतली एम.सीएच. किंवा डीएनबी आहे का आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेत नोंदणी आहे का, एवढं बघितलं तरी यादी बरीच आटोपशीर होते. शिवाय प्लास्टिक सर्जरी म्हणजे नट-नट्यांची नाकं, हा समज ससूनच्या किंवा केईएमच्या त्या विभागात चक्कर मारली की उतरतो. तिथे भाजलेले हात आणि दुभंगलेले ओठ असतात.

ज्यांच्यापाशी आम्ही थांबलो, त्यांनी तपासून झाल्यावर प्रिस्क्रिप्शनचा कागद उलटा केला आणि पेनाने छातीचा छेद काढला. स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाच्या खालच्या कडेवर अर्धगोल छेद, म्हणजे व्रण रंगात मिसळतो. चरबी लायपोसक्शनने ओढायची, ग्रंथी त्या छेदातून कापून काढायची. मग त्यांनी चित्रात एक पातळ चकती गिरवून गिरवून काळी केली. ‘‘एवढी मी ठेवणार. ही काढली तर स्तनाग्र आत बसतं, बशीसारखा खळगा पडतो. तो भरून काढणं फार अवघड. म्हणून एकदम सपाट होईल असं मी तुला सांगणार नाही.’’ रक्त साठू शकतं, बधिरपणा येऊ शकतो, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या होतीलच असं नाही, काढलेला तुकडा तपासायला लॅबमध्ये जाईल, पुढे काही आठवडे घट्ट प्रेशर जॅकेट घालावं लागेल, हेही सगळं त्यांनी त्यालाच सांगितलं. माझ्याकडे बघितलं ते फक्त खर्चाचा आकडा सांगताना.

चिरंजीव आत्तापर्यंत गप्प होते. आता विचारलं, ‘‘डॉक्टर, दुसरीकडे बिघडलेल्या केसेस तुमच्याकडे येतात?’’

‘‘येतात. आणि माझ्या स्वतःच्याही काही मला पुन्हा कराव्या लागल्यात.’’

जिन्यातच त्याने निकाल दिला, ‘‘हेच.’’ मी घरी येऊन आणखी दोघांची मतं घ्यावीत म्हणत होते. त्याने ऐकून घेतलं, एवढंच.

विमा कंपनीने ‘कॉस्मेटिक’ म्हणून हात वर केलेत, तेव्हा पैसे आमच्याच खिशातून. तारखेचा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. अठरा पूर्ण नसल्याने संमतीपत्रावर सही आमची लागते, आणि थांबल्याने काही बिघडत नाही असं डॉक्टर म्हणालेत. बाबांचं म्हणणं, सीईटीनंतरची सुट्टी वाया का घालवायची? चिरंजीवांचा वाढदिवस ऑगस्टमध्ये, आणि सही स्वतःच करायची हे त्यांनी ठरवून टाकलंय. शिवाय प्रेशर जॅकेट पावसाळ्यात घातलेलं बरं, उन्हाळ्यात नको. या दुसऱ्या मुद्द्यावर बाबांना अजून उत्तर सापडलेलं नाही.