‘आज नको’ची नोंद

सप्टेंबर हा बालकर्करोगाच्या जागृतीचा महिना. सोनेरी फिती लागतात, रुग्णालयांच्या लॉबीत मुलांची चित्रं टांगली जातात आणि आमच्या टेबलावर निमंत्रणांचा गठ्ठा साचतो. यंदा त्यातल्या एका पत्रिकेवर वाघ होता. सुरेख वाघ, शेपटी थेट कागदाबाहेर गेलेली. खाली प्रायोजकाचं बोधचिन्ह, प्रमुख पाहुण्यांचं नाव, चहापानाची वेळ. वाघ काढणाऱ्याला विचारलं होतं का, म्हणून आम्ही फोन केला. उत्तर आलं, “कन्सेंटवर आईची सही आहे ना!”

आईची सही असतेच. ती केमोच्या कागदावर असते, भुलीच्या कागदावर असते, पाठीतल्या सुईच्या कागदावर असते. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षं चालतो, आणि तेवढ्या काळात मुलाच्या ‘नाही’ला कुणी विचारत नाही. विचारून चालणारही नाही. मूल कितीही रडलं तरी सुई टोचावीच लागते. पण कागद पुढे ठेवून आपण आर्ट थेरपिस्ट बसतो तिथे ‘नाही’ चालायला हवं. ते चालत नसेल तर सकाळपासून झालेल्या चार प्रोसिजरनंतरची पाचवी प्रोसिजर आपण, एवढंच. फक्त हातात रंगपेटी.

इटलीतल्या कातानियाचं 2001 मधलं काम आपल्यापैकी बहुतेकांनी प्रस्तावांत वापरलं असेल. ल्युकेमियाच्या 2 ते 14 वर्षांच्या 32 मुलांना वेदनादायक तपासण्यांच्या वेळी चित्र, खेळ, कल्पनाचित्रण यांची साथ दिली गेली. मुलं शांत राहिली, त्यांनी सहकार्य केलं, हा भाग आपण ठळक करून देणगीदारांना पाठवतो. मला त्यातली दुसरी नोंद मोलाची वाटते: पुढच्या तपासणीची वेळ आली तेव्हा मुलांनी आणि पालकांनी ही साथ स्वतःहून मागितली. जे मागता येतं ते नाकारताही यायला हवं.

आता एक जुना कबुलीजबाब. उमेदवारीच्या काळात सात वर्षांच्या एका मुलीनं माझ्यासमोर घरातली चार माणसं काढली. एकालाही हाताचे पंजे नव्हते. मुलांच्या चित्रांवरचं कोपिट्झबाईंचं 1968 चं पुस्तक मी नुकतंच वाचलं होतं. माणसाच्या चित्रांतल्या त्यांच्या तीस भावनिक खुणांमध्ये पंजे नसलेले हातही आहेत. झालं! बैठकीत मी असहायतेवर दहा मिनिटं बोललो. बोलणं संपल्यावर वॉर्डातल्या जुन्या सिस्टर शांतपणे म्हणाल्या, “तिला चार दिवस फ्रॉकचं बटण लावता येत नाहीये.” केमोतल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधानं नसांवर परिणाम होतो, बोटांची पकड जाते. मुलीला मी नंतर विचारलं. ती म्हणाली, “बोटं खूप असतात. खडू निसटतो.”

त्या दिवसापासून चित्र बघताना मी आधी रेघ बघतो. मागच्या आठवड्यात ठसठशीत असलेली रेघ आज पुसट आली, खडू मुठीत धरला जातोय, रंग अर्ध्यात टाकला जातोय, हे डॉक्टरांच्या कानावर घालायचं. जाड तेलखडू द्यायचा, त्याला स्पंजची पट्टी गुंडाळायची. काळ्या सूर्याचा अर्थ नंतर लावू, आणि नाही लावला तरी फारसं बिघडत नाही.

सिस्टरांशी मैत्री आणखी एका कारणासाठी हवी. इंट्राकॅथ लावण्याआधी ‘हा कुठल्या हातानं चित्र काढतो?’ एवढं त्यांनी विचारलं आणि शीर मिळत असेल तर दुसरा हात निवडला, की पुढचे तीन दिवस त्या मुलाचे असतात. रक्तातले काउंट पडलेले असताना काय टाळायचं हे त्याच सांगतील, पण आपणही विसरू नये: ओली माती, वाळकी पानं, फुलं, डाळींचं चिकटकाम बंद. बुरशी तिथूनच येते. ज्याचे खडू त्याच्याच पिशवीत. ब्रशचा सामाईक मग तर वॉर्डात नकोच.

परळच्या टाटा रुग्णालयात बिहार, बंगाल, आसामातून मुलं येतात. कुटुंबं महिनोन्‌महिने मुंबईत राहतात. चित्राला भाषा लागत नाही, असं आपण मोठ्या कौतुकानं म्हणतो. नकाराला लागते. रंगांची बंगाली नावं सावकाश शिका. ‘करबो ना’ आधी शिका.

आपल्या शाखेची एक मुळी फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांच्याकडे जाते. आर्ट थेरपीच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, ईडिथ क्रेमर, ही त्यांची विद्यार्थिनी. नाझींच्या तेरेझीन छावणीत फ्रीडल मुलांना चित्रकला शिकवत. 1944 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना आउशवित्झला नेण्यात आलं. त्याआधी मुलांची सुमारे 4,500 चित्रं दोन सुटकेसमध्ये लपवली गेली होती. आज ती प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. छावणीत प्रत्येकाला क्रमांक होता. फ्रीडल मात्र मुलांना चित्रावर स्वतःचं नाव घालायला लावत. आपल्याकडे कागदाच्या कोपऱ्यात काय असतं? फाईल नंबर, तोही आपल्या अक्षरात. गोपनीयतेचं कारण खरं आहे, पण ते कागद खोलीबाहेर नेतानाचं कारण आहे. मूळ चित्रावर नाव मुलानं घालावं. बाहेर लावायचं झालं तर लावायचं की नाही, आणि खरं नाव की खोटं, हे त्यालाच ठरवू द्यावं. खोटी नावं मुलं फार छान घेतात.

आणि रजिस्टर. त्यात ‘हजर मुलं’ हा रकाना असतो, कारण वार्षिक अहवालाला आकडा लागतो. त्याशेजारी ‘आज नको म्हणाली’ असा रकाना आखा. महिनाभर तो रिकामाच राहिला, तर मुलांना चित्रकला फार आवडते असं समजून खूश होऊ नका.

हे लिहिणाऱ्यांनी स्वतः काय केलं, असं कुणी विचारेल. दर सप्टेंबरला आमच्या अंकाच्या मुखपृष्ठावर मुलाचं चित्र असतं, आणि आजवर आम्हीही आईचीच सही घेत आलो. यंदा नऊ वर्षांच्या एका मुलाला त्याची आगगाडी मागितली. तो म्हणाला, “नाही, ती घरी न्यायचीय.” छापखान्यातून दोनदा फोन आला. मुखपृष्ठावर या वेळी नुसती अक्षरं आहेत.