चार हात पाणी तीन हात दिसतं!



आज एक लहानसा प्रयोग करू. खर्च काही नाही. पितळेची किंवा स्टीलची एक खोलगट वाटी घ्या. तळाशी कणकेच्या छोट्या गोळीवर रुपयाचं नाणं चिकटवा. मुलाला समोर उभं करून हळूहळू मागं सरकायला सांगा. वाटीच्या काठाआड नाणं दिसेनासं झालं, की तिथंच थांबवा. आता तुम्ही वाटीत सावकाश पाणी ओता. मुलगा जागचा हलला नाही, नाणंही हललं नाही. तरी पाणी चढलं, की नाणं त्याला दिसू लागतं. जणू तळच वर उचलला गेला!

हे कसं घडतं? चिखलाच्या रानातून रस्त्यावर तिरकी निघणारी बैलगाडी आठवा. जे चाक आधी कठीण रस्त्यावर येतं ते भरभर फिरतं, दुसरं अजून चिखलातच रुतलेलं असतं. त्यामुळे गाडीचं तोंड वळतं. गाडी अगदी सरळ बाहेर काढली, तर दोन्ही चाकं एकदम निघतात आणि ती वळत नाही. प्रकाशाचंही तसंच. हवेत तो सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावतो, पाण्यात सव्वादोन लाख, तर काचेत सुमारे २ लाख. नाण्याकडून निघालेला किरण पाण्यातून हवेत तिरका येतो, तेव्हा वळतो. यालाच शाळेच्या पुस्तकात प्रकाशाचं अपवर्तन म्हणतात. किरण किती वळतो याचा नियम हॉलंडचे स्नेल यांनी १६२१ साली शोधला.

आपल्या डोळ्याला मात्र हे वळण कळत नाही. किरण सरळच आला असं तो समजतो, आणि नाणं आहे त्याच्यापेक्षा वर दाखवतो. हिशेब सोपा आहे. पाण्यात प्रकाशाचा वेग हवेच्या पाऊणपट, म्हणून अगदी वरून पाहिलं तर पाण्याची खोलीही पाऊणपटच दिसते. चार हात पाणी तीन हात दिसतं. काठावर उभं राहून तिरकं पाहिलं, तर त्याहून उथळ दिसतं. आणि आपण लहान मुलांना पाणी दाखवतो ते काठावरूनच!

आता हा हिशेब वाटीतून शेतावर न्या. पाच फूट नितळ पाणी वरून पावणेचार फूटच भासतं. साडेचार फूट उंचीच्या पोराला वाटतं, पाणी हनुवटीपर्यंत येईल, डोकं वर राहील. उतरल्यावर डोक्यावर अर्धा फूट पाणी असतं. पायऱ्यांच्या विहिरीतही हीच गत. कळशी बुडवताना पाण्याखालची पायरी जवळ दिसते, पाऊल तिच्यावर टेकेल असं वाटतं; पायरी असते आणखी खाली, आणि तोल जातो.

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि शिवारोशिवार शेततळी झाली. त्यांची खोली तीन मीटर, म्हणजे सुमारे दहा फूट. भरलेलं तळं वरून साडेसात फुटांचं वाटतं. त्यातून पलीकडच्या बाजूचा तळ तिरका दिसतो, म्हणून तो आणखी वर आल्यासारखा भासतो. शिवाय प्लास्टिकच्या कागदावर शेवाळ धरलं, की चांगला पोहणाराही घसरतो आणि बाहेर निघायला धरायला काही सापडत नाही.

नदीचं पाहा. पोळ्याला बैल धुवायला नेतो तेव्हा गिरणेला, पांझरेला गढूळ पाणी असतं. तळ दिसतच नाही, म्हणून माणूस जपून पाऊल टाकतो. हिवाळा-उन्हाळ्यात पाणी नितळतं, तळाची वाळू दिसते, आणि तिथंच डोळा फसवतो. वाळू उपशाने पात्रात जागोजाग खड्डे पडले आहेत. गुडघाभर पाण्यातून चालता चालता पुढचं पाऊल थेट डोहात जातं. नितळ पाणी म्हणजे उथळ पाणी नव्हे, हे घरातल्या प्रत्येक लेकराला सांगून ठेवा.

हीच प्रकाशाची खोड आपल्या कामालाही येते. ऊस तयार झाला का, हे पाहायचा ब्रिक्स मीटर असतो. त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे पाहायचं. रसात साखर जितकी जास्त, तितका प्रकाश अधिक वळतो, आणि आकडा समोर दिसतो. आजोबांच्या चष्म्याची काचही किरण वळवूनच अक्षरं स्पष्ट करते. खोड तीच, ओळखली तर उपयोगी, विसरली तर घातक.

म्हणून एवढं जरूर करा:

पाण्याची खोली डोळ्यानं ठरवू नका. फुटांच्या खुणा केलेला लांब बांबू किंवा दगड बांधलेला दोर सोडून मोजा.

शेततळ्याला कुंपण घाला. चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडा. हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण बंद केलेला रिकामा कॅन दोर बांधून काठावर ठेवा.

मुलांना जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पोहायला शिकवा, मुलींनाही. एकटं कोणी पाण्यात उतरू नये.

कोणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी टाकू नका. दोर, बांबू, लुगडं, हाताशी असेल ते फेका आणि ओरडून माणसं गोळा करा. बाहेर काढलेल्याला उलटं टांगू नका, पोट दाबत बसू नका. श्वास चालत नसेल तर तोंडानं श्वास द्या, छाती दाबत राहा, आणि १०८ नंबरला फोन लावा.

आज संध्याकाळी वाटीचा प्रयोग मुलांना दाखवा. नाणं दिसलं, की त्यांनाच विचारा, ‘मग आपल्या विहिरीचा तळ खरा कुठं असेल?’ उत्तर त्यांच्या तोंडून आलं, की ते जन्मभर लक्षात राहील.