घरांतल्या घरांत : उवांचा मुक्काम

गेल्या महिन्यांत लोणच्यांच्या बरण्यांविषयीं लिहितांना, पुढील खेपेस पावसाळ्यांत धान्य कसें राखावें हा विषय घेऊं असें आम्हीं वचन दिलें होतें. तें वचन आज मोडावें लागत आहे. मृगापासून श्रावणाच्या तोंडापर्यंत आमच्या घरीं दुसराच उद्योग चालला होता, आणि त्याची हकीकत सांगतांना लाज वाटत असली तरी ती सांगितल्यावांचून राहणें आम्हांस बरें दिसत नाहीं. आमच्या घरांत उवा झाल्या होत्या. ताप आला तर शेजारणी विचारपूस करावयास येतात. उवा झाल्या तर आपणच आंतून कडी लावून घेतों. या लपवालपवीमुळेंच आमचे पहिले कांहीं आठवडे फुकट गेले.

आमच्या घरीं अकरा माणसें. सासूबाई, आम्ही तिघी जावा, तिघींचे यजमान आणि चार मुलें. धाकट्या जाऊबाईंची लेक नऊ वर्षांची असून तिचे केस कंबरेच्या खालीं पोंचतात. जूनच्या अखेरीस एके सकाळीं शाळेची वेणी घालतां घालतां तिच्या आईचा हात थांबला. कानामागें आणि मानेवरच्या केसांत पांढुरके ठिपके दिसत होते. कोंडा असता तर फुंकरीनें उडाला असता. हे ठिपके केसाला असे चिकटले होते कीं नखानें ओढूनहि निघेनात. त्या लिखा होत्या. फणी घातल्याबरोबर तिळाएवढ्या दोन उवाहि पाटावर पडल्या.

मग प्रश्न निघाला तो नेहमींचाच, आणल्या कोणी? उत्तर शोधण्यास आम्हांस अर्धी घटकाहि लागली नाहीं. आमच्या घरकामास येणाऱ्या बाई जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून आपल्या मुलीस बरोबर आणीत असत, कारण त्या मुलीची आजी गांवीं गेली होती. मुलगी आमच्या पोरीच्याच वयाची. दोघी माजघरांत सागरगोटे खेळत. झालें, निवाडा ठरला! मुलीनें यापुढें आंत न येतां मागच्या ओट्यावर बसावें, असें त्या बाईंना सांगण्यांत आलें. सांगण्यांत आलें असें आम्ही लिहीत आहों खरें, पण तें सांगितलें आम्हींच. बाई कांहीं बोलल्या नाहींत. मुलगी ओट्यावर बसून आपल्या वहींत चित्रें काढीत राहिली.

पहिली चढाई सासूबाईंच्या हुकुमानें झाली. खोबरेल तेलांत कापूर घालून तें डोक्यास चोळलें, कडुनिंबाच्या पाल्याचा लेप दिला, शिकेकाईनें न्हाऊ घातलें. तेलानें उवा सुस्त होतात आणि फणी सुलभ चालते, इतका त्या उपायाचा गुण आम्ही मान्य करतों. पण कापूर हा लहान मुलांच्या घरांत जपून ठेवण्याचा पदार्थ आहे. तो पोटांत गेल्यास मुलास झटके येतात. शेजारच्या एका काकूंनीं सीताफळाच्या बियांची पूड सुचविली. ती पूड उवा मारते हें खोटें नव्हे, पण तिचा कण डोळ्यांत गेला तर बुबुळास इजा होते. न्हातांना डोक्यावरचें पाणी डोळ्यांत जात नाहीं, असें कोणत्या मुलीचें झालें आहे? रॉकेलाचें नांवहि कोणी काढूं नये. रॉकेल लावलेल्या केसांनीं चुलीजवळ किंवा देवापुढच्या निरांजनाजवळ गेलेल्या माणसाचें काय होईल, हें सांगावयास पाहिजे काय?

दुसरी चढाई औषधाच्या बाटलीनें झाली. परमेथ्रिनचें शेंकडा एक प्रमाणाचें पातळ औषध दुकानांतून आणलें, धुतलेल्या केसांस दहा मिनिटें लावलें, धुवून टाकलें. दुसऱ्या दिवशीं फणींत मेलेल्या उवा आल्या तेव्हां आम्हीं निःश्वास टाकला. त्या आनंदाच्या भरांत घरांतील साऱ्या गाद्या गच्चीवर नेल्या. आषाढांतील ऊन तें! तासाभरांत सर आली आणि सात गाद्या भिजल्या. त्या वाळेपर्यंत चार दिवस सतरंज्यांवर काढावे लागले; आणि ही सारी यातायात निष्कारण होती हें पुढें कळलें, कारण डोक्यावरून खालीं पडलेली ऊ रक्तावांचून एकदोन दिवसांहून अधिक जगत नाहीं. अकराव्या दिवशीं मुलीचें डोकें पुनः खाजूं लागलें.

या वेळीं मधल्या जाऊबाई म्हणाल्या, “आतां केस कापून टाकावे. ना रहेंगे केस, ना राहतील उवा.” त्यांत त्यांचा दुष्टावा नव्हता. रोज रात्रीं कंदिलासारखी विजेची बत्ती धरून बसण्याचा कंटाळा सर्वांनाच आला होता. पण मुलगी जी उठली ती देवघराच्या मागच्या अडगळींत जाऊन बसली, आणि दोन तास कोणाच्या हांकेस ओ देईना. शेवटीं तिची समजूत घालण्यासाठीं आम्हीं तिला शब्द दिला कीं, तीन आठवड्यांत उवा गेल्या नाहींत तरच कात्री लावूं. शब्द देऊन बसल्यावर आम्हांस अभ्यास करणें भाग पडलें.

तो अभ्यास मोठा मनोरंजक निघाला. आपल्या पूर्वजांनीं या प्राण्याची उपेक्षा मुळींच केलेली नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील मापांत आठ लिक्षांची एक यूका, आठ यूकांचा एक यवमध्य आणि आठ यवमध्यांचें एक अंगुल असा हिशेब आहे. आमच्या पोरीच्या फणीवरून पाहतां लीख ही उवेच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी भरली, तेव्हां शास्त्रकारांनीं हा हिशेब प्रत्यक्ष तपासला नसावा असें वाटतें. पंचतंत्रांत राजाच्या शय्येंत राहणाऱ्या उवेचें नांव मंदविसर्पिणी, म्हणजे हळूहळू सरपटणारी. हें नांव मात्र अगदीं शास्त्रशुद्ध आहे. उवेला पंख नाहींत, तिला उडी मारतां येत नाहीं. ती सहा पायांच्या आंकड्यांनीं केस धरून चालते, आणि एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जावयाचें तर बहुधा दोन डोकीं एकमेकांस टेकावीं लागतात. पूर्वीं तीं एका उशीवर टेकत. हल्लीं एका मोबाइलच्या पडद्यावर चार मुलींचीं टेकतात. कुत्र्यामांजरांचा येथें कांहीं संबंध नाहीं. अस्वच्छतेचाहि नाहीं, ऊ रोज न्हाणाऱ्या डोक्यावर तितक्याच सुखानें नांदते. टायफसचा ज्वर पसरविणारी ऊ ती निराळी, कपड्यांत राहणारी. ती गोष्ट शार्ल निकोल यांनीं 1909 सालीं दाखविली व त्याबद्दल त्यांना 1928 चें नोबेल पारितोषिक मिळालें. डोक्यांतली ऊ खाज आणते, झोंप मोडते, खाजवून जखमा झाल्या तर त्या पिकतात. रोग पसरविण्याचें पाप तिच्या माथीं नाहीं.

तिचें आयुष्य महिनाभराचें. मादी दिवसाला आठांपर्यंत अंडीं घालते, आणि तीं टाळूच्या उबेंत, केसाच्या अगदीं मुळाशीं डिंकासारख्या रसानें चिकटविते. सात ते दहा दिवसांत पिल्लू बाहेर येतें व पुढें नऊ ते बारा दिवसांत तें स्वतः अंडीं घालण्याजोगें होतें. परमेथ्रिन चालत्या उवेस मारतें, अंड्यास नाहीं. म्हणून तें नवव्या दिवसाच्या सुमारास दुसऱ्यांदा लावावें लागतें. आम्हीं एकदां लावून विजयाच्या गाद्या वाळत घातल्या! शिवाय कित्येक देशांतील उवा आतां या औषधास दाद देईनाशा झाल्या आहेत. तेव्हां बाटलीवर सारा भरंवसा ठेवूं नये, आणि तान्हीं मुलें व गरोदर बायका यांच्या बाबतींत डॉक्टरांस विचारल्यावांचून कांहींच लावूं नये.

पण या अभ्यासांत आणखी दोन गोष्टी निघाल्या, आणि त्या वाचून आमचें तोंड उतरलें. एक अशी कीं, ज्या डोक्यास उवा प्रथमच होतात त्यास खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागूं शकतात. दुसरी अशी कीं, अंडें मुळाशीं घातलें जातें आणि केस महिन्याला सुमारें एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे रिकामी लीख टाळूपासून जितकी दूर, तितकी ती जुनी. आम्हीं मुलीस खिडकीपाशीं बसविलें व मोजपट्टी धरली. कित्येक रिकाम्या लिखा दोन सेंटिमीटर अंतरावर होत्या. तो दिवस जुलैच्या मध्यावरचा. दोन महिने मागें गेलों तर मे महिना येतो, आणि मे महिन्यांत त्या बाईंची मुलगी आमच्या घरीं पाऊलहि टाकीत नव्हती.

मे महिन्यांत काय होतें? मधल्या जाऊबाईंच्या मुलाची मुंज होती. पांच गांवांहून पाहुणे आले होते. नऊ मुली आठ दिवस गच्चीवर एकाच अंथरुणांत, डोक्यास डोकें लावून, मध्यरात्रीपर्यंत भुतांच्या गोष्टी सांगत निजत होत्या. उवा आमच्याच गोतांतून, आमच्याच मांडवांतून आल्या होत्या. त्या कोणत्या पाहुण्यांनीं आणल्या याचा शोध करण्याची घरांत एकीला फार हौस होती, पण एकदां तोंड पोळल्यावर आम्हीं तो शोध बंद पाडला.

तिसरी चढाई त्याच रविवारीं सुरू झाली. पहिला नियम असा कीं, एकाच दिवशीं घरांतील सर्व डोकीं तपासावयाचीं. येथेंच एकत्र कुटुंबाची खरी अडचण आहे. मुलांचीं डोकीं कोणीहि ओढून पाहतें, पण थोरांच्या डोक्यास हात कोणी लावावा? सासूबाईंस खाज सुटत होती, ती त्या पित्तावर घालीत. नात मात्र रोज त्यांच्या कुशींत निजत होती. शेवटीं धाकट्या जाऊबाईंनीं तेलाची वाटी घेऊन “आई, डोक्यावर तेल घालतें,” म्हणून बसविलें आणि घालतां घालतां पाहिलें. पांढऱ्या केसांत लिखा लवकर दिसत नाहींत, पण फणी खोटें बोलत नाहीं. सासूबाई क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “म्हणजे महिनाभर मी पोरीला बोल लावला, आणि तिच्या उवांना वाडा मींच दिला होता.”

अकरा डोक्यांपैकीं सहा निघालीं. मुलगी, तिची आई, सासूबाई, मधल्या जाऊबाई आणि आमची कॉलेजांत जाणारी कन्या हीं पांच. सहावें डोकें कोणाचें हें चतुर वाचकांनीं ओळखलेंच असेल. इतरांच्या केसांत इतके दिवस फणी फिरविणाऱ्या आम्हीं स्वतःचें डोकें कोणास दाखविलेंच नव्हतें. साऱ्या घरांत निर्धास्त होता तो एक मुंजा. त्याच्या गोट्यावर उवेला धरावयास कांहीं उरलेंच नव्हतें.

रीत सांगतों. केस नेहमींप्रमाणें धुवून ओले असतांनाच त्यांस भरपूर कंडिशनर चोळावा. निसरड्या ओल्या केसांत ऊ पळूं शकत नाहीं. मग साध्या कंगव्यानें गुंता काढून केसांच्या बारीक बारीक बटा कराव्या. फणी पोलादी दातांची घ्यावी, आणि तिच्या दातांमधील अंतर मिलीमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी असावें. जत्रेंतली प्लॅस्टिकची फणी दात फांकवून उवेला वाट करून देते. प्रत्येक बट टाळूपासून शेंड्यापर्यंत विंचरावी व प्रत्येक खेपेस फणी पांढऱ्या कापडावर पुसावी. कानामागें व मानेपाशीं दुप्पट वेळ द्यावा. लांब केसांच्या एका डोक्यास अर्धा तास सहज लागतो. हें पहिल्या, पांचव्या, नवव्या आणि तेराव्या दिवशीं करावें. चार दिवसांचें हें अंतर कां, तें वरील हिशेबावरून ध्यानीं येईल. अंड्यांतून निघालेलें पिल्लू वयांत येण्यापूर्वींच फणींत सांपडतें, नवी लीख पडतच नाहीं. सतराव्या दिवशीं शेवटची तपासणी. फण्या दर वेळीं कढत पाण्यांत दहा मिनिटें बुडवाव्या. गेल्या दोन दिवसांतले अभ्रे व टॉवेल गरम पाण्यांत धुवावे. घरभर कीटकनाशक फवारूं नये, आणि गाद्यांस त्यांच्या जागीं सुखानें राहूं द्यावें.

मुलींना या दिवसांत घट्ट वेणी घालून शाळेंत पाठविलें. आमच्या एका आप्तांच्या मुलीला शाळेनें दोन आठवडे घरीं बसविलें होतें, तें आम्हांस मान्य नाहीं. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेंहि 2022 च्या आपल्या अहवालांत उवांपायीं मुलास शाळेबाहेर ठेवूं नये असेंच सांगितलें आहे.

त्या पहिल्या रविवारच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाई भांडीं घासावयास बसल्या तेव्हां आम्ही ओट्यावर गेलों. मोजपट्टीची, मुंजीची, सारी हकीकत सांगितली, चूक आमची झाली असें म्हटलें, आणि मुलीचें डोकें पाहूं का असें विचारलें. त्यांनीं हात धुतले, पदरास पुसले.

“तिच्या डोक्यात झाल्यात ना, पंधरा दिवस झाले,” त्या म्हणाल्या. “तुमच्याकडं यायच्या आधी नव्हत्या. आमच्या आळीत सगळ्या म्हणत होत्या, त्या वाड्यातनं आणल्या म्हणून. मी बोलले नाही, काम जायचं.”

त्या दिवसापासून सातवें डोकें आमच्या रांगेंत बसूं लागलें. दोघी मुली पाटावर पाठीस पाठ लावून बसत, आणि कोणाच्या कापडावर अधिक उवा पडतात याची पैज लावीत. नवव्या दिवशीं कापडावर दोनच पिल्लें आलीं, तेराव्या दिवशीं एकहि नाहीं. सतराव्या दिवशीं सासूबाईंनीं स्वतः चष्मा लावून सातहि डोकीं पाहिलीं. कात्री शिवणाच्या पेटींतच राहिली.