छापील प्रश्नांची उपासना

१८७९ साली अमेरिकेत चार्ल्स टेझ रसेल यांनी सुरू केलेले आणि आज मराठीतही ‘टेहळणी बुरूज’ या नावाने निघणारे यहोवाच्या साक्षीदारांचे नियतकालिक ज्या रीतीने साप्ताहिक सभेत अभ्यासिले जाते, ती रीत विचारार्ह आहे. परिच्छेदांना क्रमांक असतात, तळाशी त्यांचे छापील प्रश्न असतात. परिच्छेदाचे वाचन झाले, की संचालक प्रश्न विचारतो आणि घरूनच नेमक्या ओळी अधोरेखित करून आलेली मंडळी हात वर करून त्याच परिच्छेदातील आशय परत करतात. सहभाग मोठा असतो, मुलेही निर्भयपणे बोलतात, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्या प्रश्नाची हद्द छापखान्यातच मुक्रर झाली, त्याने जिज्ञासेची नव्हे, केवळ निष्ठेची हजेरी घेतली जाते. मूळ विधानास आधार काय, हे पुसण्यास तेथे जागाच उरत नाही.

दोष एकाच पंथाचा नाही. लूथरची १५२९ ची लघु प्रश्नोत्तरी काय, किंवा जेझुइट मिशनरी थॉमस स्टीफन्स यांचा १६२२ साली गोव्यात रायतूरला छापलेला ख्रिस्ती शिकवणीचा कोकणी प्रश्नोत्तररूप ग्रंथ काय, घराणे एकच. (आपली ‘गाइडे’ पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी फार हसू नये!) उलट कठोपनिषदातील नचिकेता पाहा: मृत्यूनंतर माणूस उरतो की नाही, हा प्रश्न त्याने सोडावा म्हणून प्रत्यक्ष यमाने संपत्ती व दीर्घायुष्य देऊ केले, तरी तो पोरगा हटला नाही.

धर्मवर्ग चालविणाऱ्या सर्वच पंथीयांना विनंती एवढीच, की प्रत्येक बैठकीत एक तरी प्रश्न श्रोत्यांना स्वतःचा विचारू द्यावा.