गवळी राजाचा सातबारा

खानदेशात कुठलीही जुनी टेकडी, पडका वाडा किंवा दगडी देऊळ दाखवून विचारा, हे कुणाचे? उत्तरे तीनच मिळतात. चुन्याशिवाय दगड बसवलेले असतील तर हेमाडपंतांचे. डोंगरात कोरलेले असेल तर पांडवांचे, तेही एका रात्रीतले. बाकी उरेल ते सगळे गवळी राजाचे. इतका सुटसुटीत सातबारा महसूल खात्यालाही आजवर लिहिता आलेला नाही.

जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात या राजाला नावसुद्धा आहे. आडगावच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी मनुदेवीचे ठाणे आहे. तिथे ईश्वरसेन नावाचा गवळी राजा राहत होता, त्याच्या गुरांचे मोठमोठे वाडे होते, असे सांगतात. 1250 च्या सुमारास मानमोडीची साथ आली, माणसे आणि जनावरे पटापट मेली, तेव्हा राजाने देवीची स्थापना केली आणि आपला मुक्काम हलवला. पडक्या भिंतींच्या खुणांना लोक अजून गवळीवाडा म्हणतात. नवरात्रात ही वाट माणसांनी फुलून जाते. ओटी भरायची, धबधबा पाहायचा, झाडाखाली वरण-बट्टी उरकायची आणि वेळ उरलाच तर राजाची आठवण काढायची, असा एकूण कार्यक्रम.

आता 1250 साली या मुलखावर देवगिरीच्या यादवांचा अंमल होता. त्यांच्या नाकाखाली दुसरा राजा कसा नांदला, हे गवळीवाड्यालाच ठाऊक. पण ईश्वरसेन नावाचा राजा होऊन गेला, हे खोटे नाही. तो आभीर, म्हणजे परंपरेने गवळ्यांच्याच कुळीतला. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत त्याच्या कारकिर्दीतला शिलालेख आहे, आणि त्याचा काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा मध्य. म्हणजे दंतकथेने राजाचे नाव बिनचूक जपले आणि हिशेबात चूक केली ती फक्त हजार वर्षांची. त्या लेखातला मजकूर तर आणखी गमतीचा आहे. विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी गोवर्धनच्या कारागिरांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली, असे त्यात कोरले आहे. कथेत साथ आणि लेखात औषध! ही पावणेदोन हजार वर्षे टिकलेली लोकस्मृती, की मधल्या काळात गॅझेटियर चाळणाऱ्या एखाद्या गुरुजींनी निनावी राजाचे बारसे उरकले? आमचा संशय गुरुजींवर आहे.

साथीत मेलेल्यांना कुठे पुरले, हे मात्र कथा सांगत नाही. खरोखर पुरलेली माणसे हवी असतील तर याच जिल्ह्यात, पण पार दुसऱ्या टोकाला, चाळीसगाव तालुक्यात गिरणेकाठी जावे लागते. म. न. देशपांडे यांनी 1952-53 मध्ये बहाळला आणि 1956-57 मध्ये समोरच्या तीरावरच्या टेकवाड्याला उत्खनन केले. हेच देशपांडे पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले. नदीच्या या काठाला वस्ती आणि त्या काठाला मसणवटा, अशी ही ताम्रपाषाण काळातली सोय. मडक्यांत भरून ठेवलेली हाडे, जवळ काळी-तांबडी भांडी. साधारण त्याच काळातल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावात तर मेलेली लेकरे घरातच, पायाखालच्या जमिनीत पुरलेली सापडली. दोन रांजण आडवे करून तोंडाला तोंड लावायचे आणि लेकरू आत ठेवायचे. मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडलेले होते. मेलेला उठून चालू लागू नये म्हणून, असा अभ्यासकांचा कयास. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या आईला लेकरू घराबाहेर ठेववत नव्हते आणि म्हाताऱ्याने परत येऊ नये असे वाटत होते, एवढे त्या खड्ड्यांतून कळते. हे कुठल्याही पुराणात नाही.

तरीही टेकवाड्याला यात्रा भरत नाही. तिथल्या मेलेल्यांचा काळ ठरला आहे, नाव मात्र एकाचेही सापडलेले नाही. नवस बोलायचा तर नाव लागते.

जुन्या वस्तीच्या टेकडीला आपल्याकडे पांढरी म्हणतात. ती माती राखट, भुसभुशीत, खताला चांगली आणि धाब्यावर पसरायला त्याहून चांगली. पावसाळ्यात अशा टेकडीची कड ढासळली की मातीत रुतलेली खापरे दिसू लागतात. कुठे रांजणाची जाड कड, कुठे तांबड्या अंगावर काळ्या रेघा. उन्हाळ्यात त्याच कडेला ट्रॅक्टरची ट्रॉली लागते. कुणाच्या धाब्यात कुणाच्या पूर्वजाची चूल गेली, याची नोंद कुठल्या तलाठ्याने ठेवायची? मात्र ज्या पांढरीवर मारुती किंवा म्हसोबा बसला आहे, तिला फावडे लावायला कुणी धजत नाही. संरक्षित स्मारकाच्या निळ्या पाटीवर दंड आणि कैद दोन्ही लिहिलेले असते, पण शेंदराचा धाक तिला नाही. म्हणून आमची शासनाला नम्र सूचना आहे की, खानदेशातल्या प्रत्येक पांढरीला पहारेकरी नेमण्याऐवजी एकेक दंतकथा मंजूर करावी. गुरुजी आहेतच, आणि निविदाही काढावी लागणार नाही.

फक्त त्या कथेत सोन्याचा हंडा तेवढा नको. हंड्याची वदंता उठली की अमावास्येला कुदळी निघतात, आणि सकाळी टेकडीला खड्डा, लिंबू आणि फुटकी मडकी एवढेच राहते. त्यावर इलाज म्हणा किंवा सरकारी तिजोरीची सोय म्हणा, इंग्रजांनी 1878 मध्ये निखात निधीचा कायदा केला. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचे काही सापडले तर कलेक्टरला कळवावे, असे त्यात आहे. हंडा सापडला तर कळवावे लागते, म्हणून कुणी कळवत नाही. लेकराच्या रांजणाचे खापर सापडले तर कळवायचा प्रश्नच नाही, त्याला दहा रुपये कोण देतो!